घरच्या कॉम्प्युटरचा ताप: पेंटियमपासून आजपर्यंत

घरच्या कॉम्प्युटरमध्ये उष्णता हा दुरुस्तीचा विषय झाला तो पेंटियमपासून. १९८९ चे सुरुवातीचे ४८६ प्रोसेसर पंख्याविना चालत. डब्यात फिरणारा एकुलता पंखा एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या युनिटचा, असे. मार्च १९९३ मध्ये ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचे पेंटियम आले. पाच व्होल्टवर चालणारी ही चिप सुमारे १५ वॅट उष्णता बाहेर टाकी, म्हणून तिच्या डोक्यावर हीटसिंक आणि त्यावर छोटा फॅन बसू लागला. त्या फॅनबरोबर धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट आणि झिजलेले बेअरिंग हे तीन आजार घरात आले, ते अजून गेलेले नाहीत.

पहिली काही वर्षे आजार लपत नसे, कारण तो जिवावरच बेते. २००० च्या सुमारास असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये एएमडीचा अ‍ॅथलॉन दिसू लागला. त्याची १.४ गिगाहर्ट्झची आवृत्ती ७० वॅटच्या आसपास उष्णता देई आणि स्वतःचे तापमान मोजण्याची सोय त्या चिपमध्ये नव्हती. हीटसिंक निसटला की काही क्षणांत चिप जळून जाई. नोव्हेंबर २००० मध्ये आलेला इंटेलचा पेंटियम ४ मात्र तापला की आपला वेग आपणच कमी करी. ही फार मोलाची सुधारणा होती. पण तिच्यामुळेच निदान अवघड झाले. पूर्वी तापलेले यंत्र बंद पडे, आता ते नुसते मंद होऊ लागले. मंद झालेल्या यंत्रावर विंडोज पुन्हा टाकली जाई, व्हायरस शोधला जाई, रॅम वाढवली जाई, आणि हीटसिंकच्या पात्यांत बसलेला धुळीचा थर तसाच राही.

२००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ ने उष्णता ११५ वॅटपर्यंत नेली. त्याच वर्षीच्या नव्या सॉकेटवर फॅन चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी दाबून बसवावा लागे. एक खिळा नीट अडकला नाही तरी हीटसिंकचा कोपरा उचललेला राही. याच काळात अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डवर सदोष द्रावणाचे कपॅसिटर बसवले गेले होते. त्यांची टोपी फुगे, वरून तपकिरी चिकटा येई आणि यंत्र मध्येच रिस्टार्ट होई. लक्षण उष्णतेसारखेच, कारण मात्र वेगळे. फरक ओळखण्याची खूण अशी: उष्णतेचा बिघाड कामाचा ताण वाढल्यावर, काही मिनिटांनी येतो, खराब कपॅसिटरचे यंत्र बऱ्याचदा सकाळी थंड असतानाच सुरू व्हायला कुरकुर करते.

मुळशी तालुक्यातल्या नांदेसारख्या गावात या बिघाडांना जागेचा रंग चढतो. गाव मुळेच्या खोऱ्यात, हिंजवडीच्या आयटी पार्कजवळ. शेजारची सूस आणि महाळुंगे ही गावे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, नांदे बाहेर राहिले. बांधकामे मात्र हद्द पाहून थांबली नाहीत. सिमेंट आणि दगडाच्या भुकटीची धूळ घरातल्या तंतुमय धुळीपेक्षा बारीक व जड असते. ती बेअरिंगमध्ये शिरते आणि पावसाळी दमटपणात हीटसिंकवर थापल्यासारखी घट्ट बसते. मुळशीचा पाऊस रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवरही परिणाम करतो: पट्ट्या काळवंडतात, संपर्क तुटतो आणि यंत्र स्क्रीन न दाखवता नुसते बीप देते. खोडरबराने त्या पट्ट्या हलक्या हाताने पुसण्याचा जुना उपाय आजही चालतो. उन्हाळ्याचा हिशेब तर सरळच आहे. खोली २५ अंशांवरून ३८ वर गेली, की त्याच फॅनवर आणि त्याच कामाला प्रोसेसरही साधारण १३ अंशांनीच वर जातो. मार्चपर्यंत धकलेले यंत्र एप्रिलमध्ये हँग होते, ते यामुळे.

या बिघाडांत विजेचाही वाटा मोठा होता. २००६ मध्ये पुणे शहरात उद्योगांच्या जनित्रांचा आधार घेऊन भारनियमन टाळण्याची योजना झाली. ग्रामीण भागात ते चालूच राहिले. वीज जाणे, कमी दाबाने येणे आणि परत येतानाचा झटका यांत एसएमपीएस आणि हार्ड डिस्क आधी बळी पडत. यूपीएसची बॅटरी उतरलेली असली तर तो असून नसल्यासारखाच.

या सगळ्यातून तपासणीचा एक क्रम रुळला. आधी वीज काढून डब्याची बाजू उघडायची, ब्लोअर मारताना फॅनचे पाते बोटाने धरायचे, कारण वाऱ्याने गरगरलेला पंखा उलटा विद्युत्दाब निर्माण करू शकतो. मग पेस्ट बदलायची. तरीही रिस्टार्ट होत असेल तर ताणाखाली १२ व्होल्टची तार मोजायची, आकडा ११.४ ते १२.६ च्या आत हवा. एसएमपीएस स्वतः उघडू नये, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काढल्यावरही भार राहतो. त्यानंतर रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहायच्या. डिस्क टकटकत असेल तर मात्र हा क्रम सोडून आधी डेटाची प्रत काढावी.

प्रोसेसरच्या उष्णतेपासून २००६ मध्ये ६५ वॅटच्या कोअर २ ड्युओने काही वर्षे उसंत दिली. पुढे आकडे पुन्हा चढले आणि त्यांचा अर्थही बदलला. २०२२ चे रायझन ७००० प्रोसेसर मोठ्या कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच घडवलेले आहेत. तो आकडा पाहून फॅन बदलणारा खर्च वाया घालवतो. त्याच वर्षीचा इंटेलचा आय९-१३९००के २५३ वॅटपर्यंत जातो. या पिढीचे आणि पुढच्या पिढीचे काही प्रोसेसर गेममध्ये वारंवार कोसळू लागले, तेव्हा दोष आधी कूलरला, ग्राफिक्स कार्डला आणि रॅमला दिला गेला. खरे कारण चिपला मिळणाऱ्या वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमध्ये होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर बायोसमधून मायक्रोकोडची दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. आधीच बिघडलेल्या चिपा मात्र त्या दुरुस्तीने बऱ्या होत नाहीत, त्या बदलूनच घ्याव्या लागतात.