खुब्याचा आडवा भार

शहरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी जिममध्ये हे यंत्र असतंच. बसायचं, पाठ टेकायची, गुडघ्यांच्या बाहेरच्या अंगाला टेकलेल्या गाद्या ढकलत पाय फाकवायचे आणि वजनाला सावकाश परत येऊ द्यायचं. कागदोपत्री नाव हिप अ‍ॅब्डक्शन; बोलण्यात ‘आउटर थाय’. अनेक ठिकाणी ते बायकांचं यंत्र समजलं जातं, त्यामुळे पुरुष सहसा तिकडे फिरकत नाहीत. मांड्या बारीक व्हाव्यात या आशेने त्यावर बसणारे बरेच आहेत, आणि बसून पाय फाकवण्याला व्यायाम म्हणत नाहीत असं ठणकावणारे ट्रेनरही काही कमी नाहीत. माझ्या मते दोन्ही बाजूंचं चुकतं, कारण यंत्राचा न्याय करताना ते ज्या स्नायूसाठी घडवलं त्याच्या रोजच्या कामाकडे कुणी बघतच नाही.

तो स्नायू म्हणजे मुख्यतः ग्लुटियस मीडियस. कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून निघून तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, बाजूने हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर जोडलेला असतो. त्याच्याखाली लहानसा ग्लुटियस मिनिमस आणि पुढच्या अंगाला आणखी एक मदतनीस. पाय बाजूला उचलणं हे त्यांचं पुस्तकातलं काम. खरं काम पाय जमिनीवर असताना चालतं. चालताना दर पावलाला शरीर काही क्षण एकाच पायावर असतं, आणि त्या वेळी अधांतरी बाजूची कंबर खाली कलू न देणं ही जबाबदारी टेकलेल्या पायाच्या बाजूच्या या स्नायूंची. साठ किलोच्या माणसाचा हिशेब करू. टेकलेला पाय वगळला तर उरतात सुमारे पन्नास किलो, आणि त्यांचा भार खुब्याच्या सांध्यापासून साधारण दहा सेंटिमीटर आत पडतो. स्नायूची ओढ मात्र सांध्याच्या जेमतेम पाच सेंटिमीटर बाहेर. म्हणजे तोल राखायला स्नायूने शंभर किलोच्या आसपास ओढ द्यायला हवी, तीही प्रत्येक पावलाला. सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो तो यामुळे, आणि दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात काठी धरायला सांगतात तेही याच गणितावरून. हा स्नायू दुबळा पडला की माणूस एका पायावर उभा राहताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये हे लक्षण मांडलं. क्ष-किरणांचा शोध त्याच वर्षाच्या अखेरीचा. म्हणजे आतलं हाड दिसत नसताना, रुग्णाची चाल मागून निरखून त्यांनी लंगडण्याचं कारण स्नायूत शोधलं.

आता हेच गणित यंत्रावर मांडलं तर काय दिसतं? गादी गुडघ्याशी, म्हणजे खुब्यापासून सुमारे चाळीस सेंटिमीटरवर. एका पायावर उभं राहण्याइतकं काम बसून करायचं तर प्रत्येक गुडघ्याला साडेबारा किलोचा रेटा लागेल. प्लेटवर छापलेला आकडा आणि गादीवर पडणारा भार कप्प्यांच्या रचनेमुळे जुळतोच असं नाही, पण अंदाज येतो: पिन सगळ्यात वरच्या प्लेटला लावून मोबाइल बघत पन्नास वेळा पाय फाकवणाऱ्याला खुर्चीतून उठून दाराशी चालत गेल्याहून फारसं जास्त काही मिळत नाही. ताकद हवी तर दहा-बारा वेळांत स्नायू थकेल एवढं वजन हवं. आणि मांड्या बारीक होण्याचं काय? ती आशा सोडावीच लागेल. ज्या स्नायूला काम दिलं त्याच्यावरचीच चरबी वितळत असती, तर टेनिसपटूंचा खेळता हात दुसऱ्या हातापेक्षा चरबीने सडपातळ निघाला असता. 1971 मध्ये असे हात मोजून पाहिले गेले. स्नायू मोठा निघाला, त्वचेखालच्या चरबीच्या जाडीत मात्र फरक सापडला नाही.

ट्रेनर मंडळींचा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा स्नायू उभं असताना राबतो, मग त्याला बसवून का शिकवायचं? शिवाय खुबा काटकोनात दुमडला की स्नायूंच्या ओढीच्या दिशा बदलतात. मीडियसचा पुढचा भाग मांडी आत वळवायला लागतो, आणि पाय फाकवण्याचं बरंचसं काम मागचे, खोलवरचे स्नायू उचलतात. हे खरं आहे, आणि धडधाकट माणसाने कुशीवर हाताच्या आधाराने शरीर तोलून धरणं किंवा एका पायाची बैठक यांना पहिला मान द्यावा हेही मला मान्य आहे. पण एका पायाची बैठक ज्याला जमते त्याला या यंत्राची फारशी गरज नसतेच. सत्तरीतल्या ज्या बाईंना एका पायावर पाच सेकंदही उभं राहवत नाही, त्यांना उभ्याचा व्यायाम सांगणं म्हणजे पोहता येत नाही म्हणून खोल पाण्यात ढकलणं. त्यांचा स्नायू थकण्याआधी तोल जातो. यंत्र तोलाची जबाबदारी स्वतःकडे घेतं आणि भार मोजून देतं, आज चार प्लेट, महिन्याने पाच. स्वीडनच्या गुस्ताव झांडर यांनी 1865 च्या सुमारास स्टॉकहोममध्ये तरफा आणि वजनांच्या व्यायामयंत्रांची संस्था काढली ती याच विचाराने. गिऱ्हाईक पहिलवान नव्हते, रुग्ण होते. आपल्या जोर-बैठकांत, सूर्यनमस्कारांत हालचाल बहुतांशी पुढे-मागे आहे, बाजूचा भार त्यात जवळजवळ नाही. म्हातारपणी मात्र खुबा मोडतो तो बहुधा कुशीवर पडल्याने. हे सांगितलं तरी एक कबूल करायला हवं: ताकद यंत्रावर कमावता येते, तोल नाही. सहा-आठ आठवड्यांनी ओट्याचा आधार धरून एका पायावर उभं राहण्याचा सराव सुरू केला नाही, तर कमावलेल्या ताकदीचा चालण्यात उपयोग कसा व्हायचा?

एका गोष्टीत मात्र यंत्राची नेहमीची मांडणीच आड येते. पन्नाशीच्या पुढे, विशेषतः बायकांत, खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही. बऱ्याचदा ते याच स्नायूंच्या कंडरांचं दुखणं असतं. ऑस्ट्रेलियात 204 जणांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भाराचं व्यवस्थापन शिकवून व्यायाम दिलेल्या गटात आठ आठवड्यांनी शंभरातल्या सुमारे 77 जणांना बरं वाटलं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने 58 जणांना, नुसतं थांबून 29 जणांना. तो व्यायाम या खुर्चीवरचा नव्हता, त्यामुळे यंत्राने ते श्रेय लाटू नये. पण त्यातली शिकवण इथे कामाची आहे: मांडी शरीराच्या मध्याकडे गेली की ही कंडरा हाडावर दाबली जाते, म्हणून पायावर पाय टाकून बसणं आणि एका बाजूला कंबर झुकवून उभं राहणं टाळायला सांगतात. यंत्रावर सुरुवात होते ती नेमकी गुडघे जुळवून. खुर्चीच्या बाजूला सुरुवातीचं अंतर ठरवणारा दांडा असतो, तो सहसा कुणी हलवत नाही. दुखणं असेल तर त्याने गाद्या वीतभर उघडून घ्याव्यात, परत येताना तिथेच थांबावं. सांधा बदलताना ज्यांचा हा स्नायू कापून पुन्हा शिवला आहे, त्यांनी तर शल्यचिकित्सकाने हो म्हणेपर्यंत या खुर्चीत बसूच नये.