दूध नासलं, आता पुढे?

रूम करून राहणारे विद्यार्थी असोत की क्वार्टर्समधले आपले सर-मॅडम, फ्रिजचा एक कोपरा सगळीकडे सारखाच. वाटीभर आंबट दही, उरलेलं दूध आणि चार दिवसांची साय! महिनाअखेरीला पैसे पुरत नाहीत आणि हे मात्र बेसिनमध्ये जातं. म्हणून आधी थोडी केमिस्ट्री बघू.

ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.७ असतो. जिवाणू दुधातल्या लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पीएच उतरू लागतो. ४.६ च्या आसपास केसीन हे प्रथिन गोठतं, म्हणजेच दही लागतं. पण दूध तापवलं तर त्याच्या बरंच आधी फाटतं. म्हणूनच गार असताना ठीक वाटणारं दूध गॅसवर दगा देतं.

असं दूध फाटलं आणि वास-चव ठीक असेल, तर थोडं लिंबू पिळून फडक्यात गाळा. चोथ्याची भुर्जी करा, किंवा साखर-वेलची घालून मंद आचेवर आटवा, कलाकंदासारखी वडी होते. गाळलेलं पाणीही ओतून देऊ नका. त्यात लॅक्टोज, क्षार आणि थोडी प्रथिनं असतात. त्यात कणीक मळा किंवा ते आमटीत घाला.

आंबट दह्याचं ताक करून उकड करा. तेलात मोहरी, हिंग, हळद, लसूण, मिरची, कढीपत्ता यांची फोडणी करायची. एक वाटी तांदळाच्या पिठीला अडीच वाट्या ताक, चवीला मीठ. गुठळ्या मोडून ते फोडणीत ओतायचं, ढवळत राहायचं, घट्ट झालं की झाकण ठेवून वाफ आणायची. वरून कच्चं तेल, बस्स!

कढी करताना डाळीचं पीठ गार ताकातच कालवा. पिठातला स्टार्च केसीनच्या गुठळ्या होऊ देत नाही, त्यामुळे कढी सहसा फुटत नाही. धिरड्याच्या पिठात आंबट ताक आणि चिमूटभर सोडा घातला, की आम्ल व सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि जाळी पडते. मात्र कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात दही-ताक ठेवू नका, ते कळकतं.

साय साठवून विरजा आणि गार पाणी घालून घुसळा. गारव्याने स्निग्धांशाचे कण घट्ट राहून एकमेकांना चिकटतात आणि लोण्याचा गोळा येतो. लोणी कढवलं की तूप, खाली उरलेली बेरी साखरेबरोबर खायला, आणि ताक पुन्हा कढीला. वेस्टेज शून्य!

पण काटकसरीलाही मर्यादा हवी. कडू चव, घाणेरडा वास, तार सुटणं किंवा बुरशी दिसली, तर सरळ फेका. बुरशी वरवर काढून खालचं दही खाऊ नका. रात्रभर उकाड्यात बाहेर राहिलेलं दूधही वाचवायला जाऊ नका. ‘उकळलं की सगळं मरतं’ हे अर्धसत्य आहे. जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकोकससारख्या काही जिवाणूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही टिकतं. वीस-पंचवीस रुपये वाचवायचे आणि सबमिशनच्या आठवड्यात सलाईन लावून घ्यायचं, हा हिशेब कुठल्याच ब्रँचला परवडणारा नाही!

थोडक्यात, नुसतं आंबट झालेलं वापरा, संशय आला तर टाका.