तीस सेकंदांचं आम्ल

चांदी भरायची म्हणजे दात आधी कोरायचा. पाऱ्याचं ते मिश्रण दाताला चिकटत नाही. तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद खड्डा करून त्याला अडकवून ठेवावं लागतं. त्यामुळे कीड जराशी असली तरी भोवतीचा चांगला दातही बळी जाई. दाताच्या रंगाच्या रेझिनने ही जबरदस्ती संपवली, आणि त्याचं श्रेय रेझिनपेक्षा आम्लाला जास्त आहे.

धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे मायकेल बुओनोकोर यांनी तीच युक्ती दातावर करून पाहिली. ८५ टक्के आम्ल, ३० सेकंद, मग धुणं आणि वाळवणं. १९५५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा इनॅमलवर (दाताच्या वरच्या कठीण थरावर) अ‍ॅक्रिलिक कितीतरी पटींनी जास्त टिकल्याची नोंद आहे. रेझिन पुढे बदललं (राफेल बोवेन यांचं बिस-जीएमए १९६०च्या दशकात आलं), आम्लही ३७ टक्क्यांच्या आसपास उतरलं, पण कृतीचा गाभा आजही तोच आहे.

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. आम्ल त्यातलं थोडं विरघळवतं आणि चकचकीत पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसू लागतो. त्या सूक्ष्म खळग्यांत पातळ रेझिन झिरपतं आणि प्रकाश पडताच कडक होऊन तिथेच रुतून बसतं. प्रयोगशाळेत ही पकड २० मेगापास्कल किंवा त्याहून अधिक भरते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २०० किलो वजनाचा ताण. कडक होताना हे रेझिनचं भरण, म्हणजे कॉम्पोझिट, दोन-तीन टक्के आकसतं. त्या ओढीने कधी कधी जोड शाबूत राहतो आणि शेजारचं इनॅमलच तडकतं! अशा वेळी दोष चिकटपणाला देता येत नाही.

आतल्या डेंटिनची गोष्ट निराळी. तिथे पाणी आहे, कोलॅजेन आहे. जपानमध्ये नाकाबायाशींनी १९८२ साली रेझिन आणि कोलॅजेन यांचा मिश्र थर दाखवला तेव्हा कुठे वाट सापडली. डेंटिनच्या सोयीसाठीच पुढे ‘सेल्फ-एच’ बाँडिंग आलं: वेगळं आम्ल नको, धुणं नको. दवाखान्यात ते आवडणारच. पण त्यातलं सौम्य आम्ल इनॅमल पुरेसं कोरत नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी अशीच फिलिंग्ज १३ वर्षं तपासली. निखळण्यात मोठा फरक नव्हता, पण जिथे इनॅमलच्या कडेला आधी फॉस्फोरिक आम्ल लावलं होतं तिथे कडा अधिक नीट राहिल्या होत्या. तेव्हा डेंटिनला सौम्य आणि इनॅमलला जुनं आम्ल, ही तडजोड मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. ते जुनं आम्ल टाळून वाचतं ते अर्धं मिनिट, आणि तेही कडांच्या जिवावर.

खरा शत्रू मात्र थुंकी. आम्लाने उघड्या झालेल्या इनॅमलवर ती क्षणभर लागली तरी प्रथिनांचा थर बसतो. मग धुऊन पुन्हा आम्ल लावण्याला पर्याय नाही. दात कोरडा ठेवणारा रबर डॅम १८६४पासून उपलब्ध आहे. पण तो बसवायला वेळ लागतो, रुग्णही कुरकुरतो, आणि मग कापसाच्या बोळ्यांवर भागवलं जातं. महागड्या बाँडिंगच्या बाटलीची चर्चा करणाऱ्यांनी आधी याचा हिशेब करावा.

दात कुणाचा, यावरही बरंच ठरतं. यवतमाळ, चंद्रपूर भागांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे ज्यांच्या दातांवर डाग पडले आहेत, त्यांचं वरचं इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही. तिथे थर किंचित घासावा लागतो किंवा आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं. दुधाच्या दातांचा वरचा थरही असाच हट्टी. ब्लीचिंग करून घेतलेल्या दातात तर उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. लग्नाच्या घाईत दात पांढरे करून त्याच आठवड्यात पुढच्या दाताचं फिलिंग करा म्हणणाऱ्यांना चांगला डेंटिस्ट म्हणूनच एक-दोन आठवडे थांबवतो. तेवढ्यात दाताची छटाही स्थिरावते आणि फिलिंगचा रंग तिच्याशी जुळवता येतो.