अध्यादेशाचे आयुष्य

सत्ताविभाजनाचा विषय निघाला की माँतेस्क्यूचे नाव घेऊन मोकळे होण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वस्तुतः हे तत्त्व कसे झिजते हे पाहावयाचे असेल, तर जुनी सरकारी राजपत्रे चाळणे पुरेसे आहे. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळली, तेव्हा जे हाती लागले ते विलक्षण होते.

घटनेच्या अनुच्छेद २१३ नुसार विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची निकड भासल्यास राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपुष्टात येतो. कायदे करणे हे मंत्रिमंडळाचे काम नव्हे, म्हणूनच ही मुदत. परंतु बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हापुन्हा काढून एक ते चौदा वर्षे जगविण्यात आले. उसाच्या पुरवठा-खरेदीविषयीचा १९६८ चा अध्यादेश जवळजवळ चौदा वर्षे टिकला! १९८१ मध्ये तर सचिवालयातून सर्व खात्यांना पत्र गेले की, अधिवेशन संपत आहे, तरी आपापले अध्यादेश पुन्हा जारी करवून घ्यावेत. भाडेचिठ्ठीचे नूतनीकरण करावे, इतक्या सहजतेने हे चालले होते.

यात एका प्राध्यापकाचे काय बिघडले, असा बिहार सरकारचा सवाल होता. घटनेप्रमाणे केलेल्या कायद्यांनीच आपल्यावर राज्य व्हावे, हा प्रत्येक नागरिकाचा हक्क होय, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये बजावले आणि हा प्रकार म्हणजे घटनेची फसवणूक ठरविली. मात्र विधिमंडळापुढे कामाची फारच गर्दी असेल तर गोष्ट वेगळी, अशी एक फट निकालात राहून गेली. ती ठेवावयास नको होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कामाची गर्दी नाही असे कोणते सरकार म्हणेल?

घडलेही तसेच. डिसेंबर १९८९ मध्ये बिहारनेच ४२९ खाजगी संस्कृत शाळा अध्यादेशाद्वारे ताब्यात घेतल्या. मग अध्यादेशामागून अध्यादेश निघाले. त्यांपैकी एकही विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही. शेवटचा एप्रिल १९९२ मध्ये संपला आणि आपण सरकारी नोकर झालो असे समजून शिकविणारे शिक्षक अधांतरी लोंबकळले. राजपत्रात छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे त्यांचा काय अपराध होता? खटला पंचवीस वर्षे रेंगाळला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ते अध्यादेश घटनाबाह्य ठरविले; त्यांतून शिक्षकांना कोणताही कायम हक्क मिळत नाही, असा निर्वाळा दिला. पूर्वी दिलेला पगार मात्र वसूल करू नये, एवढी सवलत त्यांच्या पदरात पडली.