कर्करुग्णाची उपशामक सेवा : आरंभ केव्हा करावा?

‘आता केवळ वेदना कमी करावयाच्या’ हे डॉक्टरांचे शब्द कर्करुग्णाच्या घरी निरोपासारखे ऐकले जातात. उपशामक सेवा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, ही सर्व उपाय थकल्यावर उघडावयाचे शेवटचे दार आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज तपासून पाहणे धर्मगुरू व धर्मशिक्षक ह्यांना अगत्याचे आहे. कारण खेड्यात रुग्णाच्या खाटेपाशी वारंवार जाणाऱ्यांपैकी आपण आहोत.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसची स्थापना करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स ह्यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराच्या दुखण्यात मनाची भीती, कुटुंबाची व पैशाची विवंचना आणि ‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा आत्म्याचा प्रश्न मिसळलेला असतो. ही वेदना निदानाच्या दिवसापासूनच सुरू होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या व्याख्येत, ही सेवा आजाराच्या आरंभीच, केमोथेरपी व रेडिएशन ह्यांच्या जोडीने द्यावी, असे म्हटले.

ह्याला आधार आहे. बॉस्टन येथे फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासून उपशामक सेवा मिळालेल्यांचे जीवन अधिक सुसह्य झाले व खिन्नता कमी आढळली. त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने होते, इतरांचे ८.९.

परंतु बॉस्टन हे मोठे शहर. खेड्यातील रुग्णाचे काय? न्यू हॅम्पशायर ह्या बहुतांशी ग्रामीण अमेरिकन राज्यात ३२२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तेथे प्रशिक्षित परिचारिकेने दूरध्वनीवरून चार पाठ दिले व पुढे दरमहा चौकशी केली. त्रास कसा सांभाळावा, डॉक्टरांना काय विचारावे, आपल्या इच्छा घरच्यांना कशा सांगाव्या, हे रुग्णाला शिकविले. शारीरिक लक्षणांत फारसा फरक पडला नाही; मनःस्थिती व जीवनमान मात्र सुधारले. २०१५ सालच्या पुढील अभ्यासात २०७ रुग्णांपैकी काहींना ही सेवा लगेच, तर काहींना तीन महिन्यांनी मिळाली. एक वर्षानंतर पहिल्या गटातील ६३ टक्के हयात होते, दुसऱ्यातील ४८ टक्के. अशा एका आकड्यावरून आयुष्य वाढेल असे कोणास आश्वासन देऊ नये. तथापि दूरच्या गावीही ही सेवा लवकर पोहोचविता येते, एवढे निश्चित.

आपल्या देशात केरळने हे दाखविले. कोळिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या कार्यातून शेजारचेच लोक स्वयंसेवक झाले आणि परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. २००८ साली राज्य शासनाने ह्यासाठी धोरण स्वीकारले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे दुर्मीळ झालेले मॉर्फीन मिळणे २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यापुरते तरी सुलभ झाले.

मॉर्फीन घेणे पाप तर नव्हे, अशी शंका श्रद्धाळू कुटुंबे विचारतात. पोप बारावे पायस ह्यांनी १९५७ सालीच वेदनाशमन धर्मसंमत असल्याचे स्पष्ट केले आहे. सहन करणे हा कोणी स्वेच्छेने स्वीकारलेला मार्ग असू शकेल. तो दुसऱ्यावर लादता येत नाही.

येथे आपल्याच एका संस्काराचे स्मरण व्हावे. ‘अंतिम अभ्यंग’ ह्या नावामुळे धर्मगुरू दारात दिसताच घरात रडारड होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले की, ह्यास ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य असून तो केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. संस्काराच्या बाबतीत जो विलंब परिषदेने दूर केला, तोच उपशामक सेवेच्या बाबतीत आपण चालू ठेवावा काय?

म्हणून निदान कळताच भेटीस जावे. दुखते किती, झोप लागते काय, अन्न जाते काय, भीती कशाची वाटते, हे विचारावे व दुखणे अंगावर न काढता डॉक्टरांना सांगण्यास धीर द्यावा. जवळची उपशामक सेवा कोठे मिळते, हे आधीच माहीत करून घ्यावे. रुग्णाची सेवा करणाऱ्या पत्नीची वा सुनेची विचारपूस विसरू नये. ‘देवाची इच्छा’ हे शब्द घाईने उच्चारू नयेत, आधी ऐकावे. प्रार्थना अवश्य करावी, पण ती औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या सोबतीने.