केन बार्लो नावाची नोकरी

तुम्ही कंटाळवाणे आहात असं पेपरात छापून आलं, म्हणून कुणी कोर्टात जातं का? विल्यम रोच गेले. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश मालिकेत केन बार्लोचं काम करणाऱ्या या नटाबद्दल 1990 मध्ये ‘द सन’ने लिहिलं, की हा गृहस्थ त्याच्या पात्राइतकाच रटाळ आहे आणि सोबतच्या नटमंडळींना तो नकोसा झालाय. रोच यांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. 1991 मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, 50,000 पौंड भरपाईही दिली.

मेख पुढे होती. ‘सन’ने तडजोड म्हणून तेवढीच रक्कम आधी कोर्टात भरून ठेवली होती. अशी रक्कम नाकारून खटला चालवला आणि ज्यूरीने त्याहून एक पेनीही जास्त दिली नाही, तर तिथून पुढचा खर्च दावा लावणाऱ्याच्या डोक्यावर, असा तेव्हाचा तिथला नियम. बरं, किती रक्कम भरली आहे हे ज्यूरीला सांगायचं नसे. म्हणजे आकडा नेमका जुळला तो योगायोगानेच. अपील कोर्टाने खर्चाचा बोजा रोच यांच्यावर टाकला. मग त्यांनी आपल्याच वकिलांवर हलगर्जीपणाचा दावा लावला, तोही हरले, आणि 1999 मध्ये दिवाळखोर ठरले. खटला जिंकलेला माणूस कफल्लक झाला.

मला विचाराल तर केनच्या बाबतीत ‘सन’चं फारसं चुकलं नव्हतं. केन बार्लो रटाळच आहे. पुस्तकं वाचतो, सात्त्विक संताप करतो, गल्लीतल्या लोकांना उपदेश पाजतो. पण वर्षानुवर्षं, आठवड्यातून कित्येकदा तेच पात्र उभं करायचं तर ते सतत चमकून चालत नाही. आजूबाजूला इतरांनी धुमाकूळ घालायचा आणि एकाने घरी चहाचा कप घेऊन बसलेलं असायचं. या बसण्याला अभिनय म्हणायला समीक्षक सहसा तयार नसतात.

मालिका सुरू झाली 9 डिसेंबर 1960 ला, शुक्रवारी. लेखक टोनी वॉरन तेव्हा 24 वर्षांचा होता. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने आधी फक्त 13 भाग मंजूर केले होते. शुक्रवारचा भाग थेट प्रक्षेपित व्हायचा आणि तो संपला की लगेच बुधवारचा चित्रित करून ठेवायचा, असा तो धांदलीचा काळ. ‘डेली मिरर’च्या समीक्षकाने ही मालिका काही टिकत नाही असं भाकीत केलं. फेब्रुवारी 2020 मध्ये तिने 10,000 भाग ओलांडले.

मालिकेतलं वेदरफील्ड हे गाव काल्पनिक, पण घडण मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डची. गिरणगावातल्या चाळीसारखी एकमेकींना चिकटलेली विटांची घरं आणि कोपऱ्यावर ‘रोव्हर्स रिटर्न’ हा पब. टीव्हीवर तोवर लंडनच्या साहेबी इंग्रजीचं राज्य होतं. इथे उत्तरेकडचे कामकरी लोक आपल्या बोलीत भांडू लागले. पहिल्याच भागात केन विद्यापीठातून घरी आलाय. जेवणाच्या टेबलावर सॉसची बाटली तशीच ठेवलेली, बाप त्यातलं सॉस पानात ओततोय, आणि पोराच्या चेहऱ्यावर नापसंती. बापाच्या ते बरोबर लक्षात येतं. शिकलेला मुलगा आणि त्याला शिकवणारं घर यांच्यात पडलेली फट एका बाटलीत दाखवून झाली. गंमत म्हणजे रोच स्वतः डर्बीशायरमधल्या डॉक्टरचा मुलगा, खासगी शाळेत शिकलेला, सैन्यात कॅप्टनपदापर्यंत पोचलेला. टेबलावरच्या त्या बाटलीशी त्याचा तसा संबंध नव्हता.

पुढे केनच्या नशिबी काय काय आलं! आई बसखाली गेली. पहिली बायको व्हॅलरी 1971 मध्ये हेअर ड्रायरच्या सदोष प्लगने शॉक लागून गेली. दुसरी बायको जॅनेट, तिने आत्महत्या केली. तिसरी डिअर्ड्री. तिच्याशी लग्न लागलं 27 जुलै 1981 ला, चार्ल्स-डायनाच्या लग्नाच्या दोन दिवस आधी. ते मोडलं आणि दोघांनी पुन्हा लग्न केलं ते 8 एप्रिल 2005 ला, म्हणजे चार्ल्स-कॅमिला विवाहाच्या आदल्या दिवशी. राजघराण्याला मुहूर्त काढून द्यायला जणू वेदरफील्डचाच गुरुजी होता.

मधलं प्रकरण 1983 चं. डिअर्ड्रीचं माइक बाल्डविन या कारखानदाराशी सूत जुळलं. ती जाणार की राहणार, यावर देश गुंतला. ती राहिली, आणि त्या रात्री ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनलचा सामना चालू असताना मैदानातल्या धावफलकावर केन-डिअर्ड्री पुन्हा एकत्र आल्याची बातमी झळकली.

खरी कमाई याच्यानंतरची. आपल्याकडे मालिकेची गोष्ट आटली, टीआरपी घसरला, की ‘लीप’ घेतात. एका सोमवारी वीस वर्षं उडून जातात, नायिकेच्या केसांत पांढरी बट येते आणि नवी सून दारात उभी असते. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली, आणि एवढ्यालाच आपण अजस्र म्हणतो. कोरोनेशन स्ट्रीटमध्ये लीप नाही. प्रेक्षकाचं एक वर्ष म्हणजे केनचंही एक वर्ष. म्हणून 1983 चं वैर 2006 मध्ये फेडता येतं, तेही त्याच दोन नटांकडून. स्मृतिभ्रंश झालेला माइक रस्त्यावर कोसळतो आणि केनच्या हातात प्राण सोडतो. डोकं भरकटलेलं असूनही, डिअर्ड्री माझीच आहे असं त्यालाच ऐकवत. तेवीस वर्षांपूर्वीचं भांडण पाहिलेला प्रेक्षक घरात बसून हे पाहत होता. असा प्रसंग लेखकाला एका बैठकीत लिहिता येत नाही. आधी नटांना तेवढं जगावं लागतं.

नट आणि पात्र असे एकत्र जगले, की त्याची किंमतही मोजावी लागते. 2013 मध्ये रोच यांच्यावर जुन्या लैंगिक गुन्ह्यांचे आरोप झाले. ते मालिकेबाहेर गेले. फेब्रुवारी 2014 मध्ये प्रेस्टन इथल्या ज्यूरीने त्यांना सर्व आरोपांतून निर्दोष सोडलं आणि ऑगस्टमध्ये ते परतले. दरम्यान केनला लेखकांनी कॅनडाला धाडलं होतं. मग जानेवारी 2015 मध्ये डिअर्ड्री झालेल्या अॅन कर्कब्राइड वारल्या. पडद्यावर तेव्हा डिअर्ड्री मैत्रिणीकडे राहायला गेलेली होती. लेखकांनी तिला जुलैपर्यंत तिथेच ठेवलं. तिच्या साठीची जय्यत तयारी करून घर वाट पाहतंय आणि मैत्रीण एकटीच दारात येते, असा तो भाग. तीन दशकांहून अधिक काळ पडद्यावर जिच्याशी भांडण-संसार केला, तिच्या जाण्याचं दुःख रोच यांना पगारी कामाचा भाग म्हणून करायचं होतं.

सप्टेंबर 2010 मध्ये ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही अमेरिकन मालिका बंद पडली. तिच्यातले डॉन हेस्टिंग्ज ऑक्टोबर 1960 पासून एकच भूमिका करत होते, रोच यांच्यापेक्षा जेमतेम दोन महिने आधीपासून. त्यांचं काम थांबलं आणि गिनीज बुकातला विक्रम रोच यांच्याकडे आला. पळून नव्हे, उभं राहून जिंकलेली ही शर्यत.

त्याच वर्षीचा एक घोळ सांगतो. रोच यांचा थोरला मुलगा लायनस. ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये बॅटमॅनचा बाप झालेला तो हाच. सत्तरच्या दशकात, लहानपणी, त्याने केनच्या मुलाचं, पीटरचं काम केलं होतं. 2010 मध्ये त्याला मालिकेत आणायचं ठरलं, पण पीटर आता दुसराच नट करत होता. मग लेखकांनी केनला माहीतच नसलेला आणखी एक मुलगा शोधून काढला, लॉरेन्स. आणि लॉरेन्सच्या मुलाचं काम दिलं जेम्सला, म्हणजे रोच यांच्या दुसऱ्या लग्नातल्या मुलाला. त्यामुळे घरात जे सावत्र भाऊ, ते वेदरफील्डमध्ये बापलेक झाले, आणि त्यांचा खराखुरा बाप एकाचा बाप आणि एकाचा आजोबा म्हणून समोर उभा राहिला.