युरिक ॲसिडसाठी २४ तासांची लघवी तपासणी : कॅन घरी आणल्यावर काय करायचं?

मूतखडा पुन्हापुन्हा होत असेल, किंवा पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लालबुंद होत असेल, तर डॉक्टर रक्तासोबत कधीकधी २४ तासांची लघवी तपासायला सांगतात. लॅबवाला हातात मोठा प्लास्टिकचा कॅन देतो, घाईघाईत दोन वाक्यं सांगतो आणि पुढचा नंबर पुकारतो. घरी आल्यावर गोंधळ सुरू. या तपासणीत सुई नाही, दुखणं नाही. पण लघवी गोळा करताना चूक झाली की आकडा चुकतो, आणि औषध त्याच आकड्यावर ठरतं.

आपल्या पेशींमध्ये प्युरीन नावाचा घटक असतो. मटण, काळीज, काही मासे यांतूनही तो पोटात जातो. तो मोडला की युरिक ॲसिड तयार होतं आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग लघवीवाटे बाहेर पडतो. एका वेळच्या लघवीवरून त्याचा अंदाज नीट येत नाही. सकाळची वेगळी, रानातून घामाघूम होऊन आल्यावरची वेगळी. म्हणून पूर्ण दिवसाची लागते.

समजा, सकाळी सहाला सुरुवात करायची. सहाची पहिली लघवी टाकून द्यायची, ती कॅनमध्ये नको. फक्त वेळ लिहून ठेवायची. गफलत होते ती इथंच. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची, सगळी लघवी कॅनमध्ये. शौचाला जायच्या आधी लघवी मग्यात धरून घ्या, नाहीतर तेवढी वाया जाते. एखादी वेळ चुकलीच तर झाकून ठेवू नका, लॅबला सांगा. बहुधा नव्यानं सुरुवात करावी लागेल. त्यामुळे पाणी द्यायची पाळी, बाजार, लग्न असा दिवस धरू नका. घरी थांबता येईल तोच दिवस बरा.

कधी कॅनच्या तळाशी आधीच औषध घातलेलं असतं. ते ओतून कॅन धुऊ नका, हातही लावू नका, त्यानं कातडी भाजू शकते. लघवी आधी स्वच्छ मग्यात, मग सावकाश कॅनमध्ये. पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायचा की बाहेर सावलीत, हे कॅन घेतानाच विचारून घ्या; प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी असते.

खाणंपिणं रोजचंच ठेवा. तपासणीपुरतं मटण सोडलं किंवा तांब्यावर तांब्या पाणी प्यालं, तर रिपोर्ट त्या दिवसाचा येईल, तुमचा नाही. ॲस्पिरिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, व्हिटॅमिन सी यांनी आकडा बदलतो. चालू गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, पण मनानं बंद करू नका. बायकांनी पाळी सुरू असेल तर तेही सांगावं.

रिपोर्टमध्ये साधारण २५० ते ७५० मिलिग्रॅम हे २४ तासांचं नेहमीचं प्रमाण. लॅबनुसार थोडा फरक पडतो. रक्तात जास्त आणि लघवीत कमी असेल, तर मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकत नसावीत. दोन्हीकडे जास्त असेल, तर शरीर ते जास्त बनवत असावं. दोघांचं औषध एकच नसतं; शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर गोळी आणणं म्हणूनच धोक्याचं. लघवीत जास्त म्हणजे खड्याचा धोका, त्यातही लघवी कमी आणि आम्लधर्मी असेल तर अधिक. उन्हाळ्यात दिवसभर रानात राहून दोन तांबे पाण्यावर भागवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणखी एक : निव्वळ युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, त्याला सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. एक्स-रे कोरा आला म्हणून खडा नाहीच, असं समजू नका.

कंबरेतून कळ येतेय आणि सोबत थंडीताप आहे, किंवा लघवीच बंद झाली आहे, तर कॅन बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.